ट्रे हातात येईपर्यंत

१९४८ साल सरता सरता कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावात, चौदावा रस्ता आणि ई स्ट्रीट जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर, लोक गाड्यांत बसून हॉर्न वाजवत होते. त्यांना सवयच तशी होती. उपाहारगृहाच्या आवारात गाडी लावून हॉर्न दिला की गणवेशातली मुलगी यायची, ऑर्डर घ्यायची आणि थोड्या वेळाने खाणं गाडीपाशी आणून द्यायची. आता कोणीच येईना. मुली नव्हत्या, बशा नव्हत्या, काटे-चमचे नव्हते. इमारतीच्या दर्शनी बाजूला खिडक्या होत्या आणि तिथवर स्वतः चालत जायचं होतं.

रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनल्ड या भावांनी चांगला चाललेला धंदा तीन महिने बंद ठेवून हा बदल केला होता. जुन्या पावत्या चाळताना त्यांना दिसलं, की विक्रीतले ८० टक्के पैसे एकट्या हॅम्बर्गरमधून येतात. मग बाकीचा पसारा कशासाठी? २५ पदार्थांची यादी त्यांनी ९ वर आणली. ३० सेंटचा हॅम्बर्गर १५ सेंटला केला. तो कागदात गुंडाळून मिळे आणि प्रत्येकात तेच ते: केचप, मोहरीचं सॉस, कांदा आणि काकडीच्या लोणच्याच्या दोन चकत्या. कुणाला काही वेगळं हवं असेल तर त्याने थांबायचं. सुरुवातीला जुनी गिऱ्हाइकं वैतागली, धंदा घसरला. मग हळूहळू वेगळीच मंडळी येऊ लागली. मुलाबाळांसह कुटुंबं आली. लहान मुलं मुठीत नाणी घेऊन एकटीच खिडकीशी जात, ऑर्डर देत, आणि आईवडील गाडीतून कौतुकाने पाहत राहत.

या गोष्टीतल्या वेगाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्याहून नवल वाटतं ते कामाच्या वाटणीचं. रांगेत उभं राहायचं, आपल्याला काय हवंय ते काउंटरवर पोचण्याआधी ठरवायचं, ट्रे उचलायचा, जागा शोधायची, खाऊन झाल्यावर कागद टोपलीत टाकायचे: हे सगळं आज आपण इतक्या सहज करतो की हे काम आहे असं मनातही येत नाही. पूर्वी याच कामाचा पगार कुणाला तरी मिळत होता. भावांनी ग्राहकाला आपल्या स्वयंपाकघरात कामाला लावलं, आणि ग्राहक खुशीने लागला, कारण त्या बदल्यात त्याला अर्ध्या किमतीत गरम खाणं लगेच मिळत होतं. पुढे मात्र उलटंही घडलं. देशोदेशीच्या ग्राहकांनी त्या स्वयंपाकघरालाच वळण लावलं. कोणी कुणाला काय शिकवलं, हे पाहताना मी दरवेळी थक्क होतो.

आधी स्वयंपाकघर. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत मीठ-लिंबू वाढणारा वेगळा, वरणवाला वेगळा, जिलबीवाला वेगळा असतो आणि कोणी कुणाच्या वाटेत येत नाही. भावांनी शेगडीपाशी हेच घडवलं. एक जण फक्त पॅटी भाजणार, एक जण फक्त बन तयार करणार, एक जण मिल्कशेक बघणार. अवजारंही नवी हवी होती. सॅन बर्नार्डिनोतल्याच एड टोमन नावाच्या कारागिराने त्यांना एका दाबात नेमकं तेवढंच केचप सोडणारं यंत्र बनवून दिलं. पुढच्या इमारतीचा आराखडा करताना भावांनी घरच्या टेनिस कोर्टवर खडूने अख्खं स्वयंपाकघर खऱ्या मापाने आखलं. रात्री दुकान बंद झाल्यावर कामगार तिथे आले आणि नसलेल्या शेगडीवर नसलेले बर्गर भाजत, नसलेल्या खिडकीतून देत फिरू लागले. कोण कुठे वळतो, कुणाचा धक्का कुणाला लागतो, हे बघत भाऊ रेघा पुसत आणि पुन्हा आखत. मनासारखा नकाशा जमला, तो कागदावर उतरवायचं काम सकाळवर ठेवलं, आणि त्या कोरड्या मुलखात नेमका रात्री पाऊस पडून सगळा खडू वाहून गेला. पुन्हा पहिल्यापासून आखणी करावी लागली.

काउंटरच्या अलीकडचं गणित तर याहून अद्भुत आहे, आणि ते बर्गरच्या आधी टेलिफोनमध्ये सापडलं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या अग्नर एरलांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये फोन कसे येतात याचा हिशेब मांडला. लोक कधीही फोन करतात, एकमेकांना विचारून करत नाहीत. तरीही त्या गोंधळातून नियम निघतात. बर्गरच्या दुकानात लोक येतात तेही असेच.

समजा काउंटरवर एकच मुलगी आहे. लोक मनाला येईल तेव्हा येतात, आणि कुणाला कमी वेळ लागतो, कुणाला जास्त. ती तासातला ८० टक्के वेळ कामात असेल, तर काउंटरवरचा धरून सरासरी ४ माणसं तिच्यासमोर असतात. गर्दी थोडी वाढली आणि ती ९० टक्के वेळ कामात राहू लागली, की ही सरासरी ९ वर जाते. ९५ टक्के झाली की १९! कामाचा बोजा ९० वरून ९५ वर गेला, म्हणजे किंचितच वाढला, आणि माणसं मात्र दुपटीहून जास्त झाली. शनिवारी संध्याकाळी ‘आत्ता तर कोणी नव्हतं, एवढ्यात कुठून आले सगळे?’ असं जे आपण म्हणतो, त्याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं. फार माणसं आलेली नसतात. काउंटर आधीच काठोकाठ भरलेला असतो.

यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट पुढे आहे. त्या मुलीचा सरासरी वेग तोच ठेवा, तिला जराही घाई करायला लावू नका. फक्त प्रत्येक ग्राहकाला लागणारा वेळ अगदी एकसारखा करा. रांगेत ताटकळणाऱ्यांची सरासरी संख्या बरोबर निम्मी होते. कोणी जास्त राबलं नाही, कोणी कमी आलं नाही, आणि निम्मी रांग नाहीशी झाली. विषमता गेल्याने झालेला हा फायदा. सॅन बर्नार्डिनोच्या भावांनी यातलं एकही सूत्र वापरलं नव्हतं. पण ९ पदार्थ, प्रत्येकात तेच सॉस, तेवढाच कांदा, असं करताना त्यांनी नकळत हेच साधलं होतं. आणि ‘माझ्यात कांदा नको’ म्हणणारा एक जण मागच्या सगळ्यांना का भारी पडतो, तेही यातून कळतं. १९७४ मध्ये बर्गर किंगने नेमकी याच्या उलट जाहिरात केली: तुम्हाला हवा तसा बर्गर मागा, आम्ही देऊ. ग्राहकाला आपला शब्द चालतो हे किती प्रिय असतं, ते त्यांनी ओळखलं होतं.

आणखी एक नियम आहे, इतका साधा की तो सिद्ध करायची गरज होती हेच नवलाचं. जॉन लिटल यांनी तो १९६१ मध्ये सिद्ध केला. दुकानात सरासरी किती माणसं आहेत, हे दर तासाला किती येतात आणि प्रत्येक जण किती वेळ थांबतो यांच्या गुणाकाराएवढं असतं. तासाला ९० ग्राहक येत असतील आणि मागण्यापासून हातात येईपर्यंत प्रत्येकाची ४ मिनिटं जात असतील, तर कुठल्याही क्षणी सरासरी ६ जण वाट पाहत असणार. रांग कशीही लावा, पुढे कोणालाही घ्या, नियम बदलत नाही. पुढच्या वेळी वाट पाहताना हा हिशेब उलटा करून बघा. डोकी मोजा, मिनिटाला किती जण बाहेर पडतात ते पाहा, आपला नंबर कधी लागेल ते बऱ्यापैकी कळेल.

अर्थात माणूस मिनिटं मोजत उभा राहत नाही, त्याला ती जाणवतात. डेव्हिड मायस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर एक छोटा लेख लिहिला आणि तो आजही शिकवला जातो. त्यातलं एक निरीक्षण असं: काम सुरू व्हायच्या आधीची वाट सुरू झाल्यानंतरच्या वाटेपेक्षा लांब वाटते. ऑर्डर घेतली गेली, पावती हातात आली, की जीव थोडा भांड्यात पडतो. आता मी त्यांच्या यादीत आहे. म्हणून हल्ली दारातून आत शिरताच मोठे टचस्क्रीन उभे असतात आणि काउंटरच्या वर आपला नंबर ‘तयार होतोय’च्या रकान्यातून ‘तयार’च्या रकान्यात सरकताना दिसतो. बर्गर त्याने लवकर भाजला जात नाही. पण रिकामी वाट भरलेली वाटते, आणि आपल्या नंतर आलेल्याला आपल्या आधी मिळालं तर ते दिसतं, त्याचं कारण विचारता येतं. रांगेतल्या या न्यायाच्या भावनेवर एमआयटीच्या रिचर्ड लार्सन यांनी १९८७ मध्ये लिहिलं. दहा मिनिटं उभं राहणं एक वेळ चालतं. मागच्याने पुढे जाणं मात्र माणसाला सहन होत नाही.

गाडीतून न उतरता खाणं मिळण्याची सोयसुद्धा ग्राहकाच्या एका विचित्र अडचणीतून वाढली. मॅकडोनल्ड भावांनी गाडीवाल्यांना खाली उतरवलं, त्याच १९४८ सालात कॅलिफोर्नियातल्याच बाल्डविन पार्कमध्ये हॅरी स्नायडर यांनी इन-एन-आउट हे बर्गरचं दुकान सुरू केलं आणि गाडीतूनच बोलता येईल असा दुतर्फी स्पीकर बसवला. मॅकडोनल्ड्सला मात्र ड्राइव्ह-थ्रूपर्यंत यायला १९७५ उजाडलं. ॲरिझोनातल्या सिएरा व्हिस्टा गावाशेजारी लष्करी तळ होता. तिथल्या सैनिकांना कामाच्या गणवेशात तळाबाहेर गाडीतून उतरायला मनाई होती. भूक तर लागायची. मग दुकानाच्या भिंतीला खिडकी पाडली गेली.

आता फ्राइज. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण या दुकानांत जे विकलं जातं त्यात सगळ्यात जास्त विज्ञान या बटाट्याच्या काड्यांत आहे, आणि सगळ्यात कमी आयुष्यही त्यांचंच.

मिल्कशेकची यंत्रं विकणारे रे क्रॉक १९५४ मध्ये भावांचं दुकान बघायला गेले. एका छोट्या दुकानाला आठ मल्टिमिक्सर कशाला लागतात, हे त्यांना बघायचं होतं. ते त्या दुकानाच्या प्रेमात पडले, आणि १५ एप्रिल १९५५ रोजी इलिनॉयमधल्या डेस प्लेन्स इथे त्यांनी स्वतःचं दुकान उघडलं. सगळं हुबेहूब केलं. फ्राइज मात्र बिघडल्या. बटाटा तोच, कापणं तेच, तेल तेच, आणि काड्या लिबलिबीत. शेवटी बटाटा-कांद्याच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेतल्या एका जाणकाराने विचारलं, भाऊ बटाटे ठेवतात कुठे? ते जाळीच्या खोक्यांत, सावलीत ठेवलेले असत आणि वाळवंटाचा कोरडा वारा त्यांवरून दिवसभर वाहत असे. तेवढ्या काळात बटाट्यातलं पाणी कमी होई आणि साखरेचा स्टार्च होई. डेस प्लेन्सच्या दमट तळघरात ते होत नव्हतं. क्रॉक यांनी तळघरात मोठा पंखा लावला.

साखरेला एवढं महत्त्व का? बटाटा फार थंडीत ठेवला की तो आपला स्टार्च मोडून साखर करतो. ती साखर आणि बटाट्यातली अमिनो आम्लं उष्णतेत एकत्र आली की तपकिरी रंग आणि खमंग वास तयार होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी १९१२ मध्ये ही प्रक्रिया वर्णन केली, आणि पावाच्या कवचापासून भाजलेल्या कॉफीपर्यंत सगळीकडे ती आहे. साखर थोडी असेल तर सोनेरी रंग. जास्त असेल तर काडी आतून कच्ची असतानाच बाहेरून काळपट आणि कडू. म्हणून साठवणीतला बटाटा फार गारही ठेवता येत नाही आणि फार गरमही. आज बहुतेक ठिकाणी फ्राइज कारखान्यातून अर्धवट तळून, गोठवून येतात आणि दुकानात दुसऱ्यांदा तळल्या जातात. पहिल्या तळणीत आतला भाग शिजतो, दुसरीत बाहेरचं कवच कडक होतं.

तेलात सोडल्यावर जे बुडबुडे येतात, ते तेलाचं उकळणं नव्हे. बटाट्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतंय. ती वाफ बाहेर ढकलत असते तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाटच मिळत नाही. काडी तेलातून बाहेर काढली की आतली वाफ थंड होऊन आकसते, पोकळी तयार होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणजे फ्राइज तेल पितात ते मुख्यतः तेलाबाहेर आल्यावर. बास्केट वर काढताच क्रू ती दोन-तीनदा झटकतो, ते वरचं तेल आत ओढलं जाण्याआधीच निथळावं म्हणून.

त्यानंतर घड्याळ सुरू होतं. आत ओलसर, मऊ गर. बाहेर कोरडं, काचेसारखं कवच. ओल आतून बाहेर सरकत राहते आणि कवच ती शोषून चिवट होत जातं. मॅकडोनल्ड्समध्ये तळलेल्या फ्राइज ठेवायची मुदत साधारण ७ मिनिटं असते, नंतर त्या टाकून द्यायच्या. घरी मागवलेल्या फ्राइजबद्दलची जगभरची तक्रार म्हणजे या सरकत्या पाण्याबद्दलची तक्रार आहे. बंद पिशवीत वाफेला जायला जागा नसते. आणि कुरकुरीतपणा आपण जिभेपेक्षा कानाने चाखतो. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स यांनी सहकाऱ्यासह २००४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला: बटाट्याचे चिप्स खाणाऱ्यांच्या कानाला हेडफोन लावले आणि चावण्याचा आवाज कमी-जास्त करून त्यांनाच ऐकवला. आवाज वाढवला की तोच चिप्स लोकांना जास्त ताजा आणि कुरकुरीत वाटे. बटाटा बदललेला नव्हता.

हे सगळं यंत्र असं घट्ट बसवलेलं. आणि मग ते दुसऱ्या देशांत गेलं, जिथे लोकांनी त्यात आपला हात घातला.

हाँगकाँगमध्ये १९७५ साली मॅकडोनल्ड्सचं पहिलं दुकान उघडलं तेव्हा रांग लावायची पद्धतच नव्हती. लोक कॅश काउंटरभोवती घोळका करत आणि नोटा डोक्यावर नाचवत ओरडत. मग रांग लावायला तरुण मुली नेमाव्या लागल्या. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स वॉटसन यांनी हे सगळं बारकाईने टिपलंय. गंमत पुढे आहे. कंपनीला क्रूने हसतमुख असावं असं वाटे. हाँगकाँगच्या ग्राहकांना काउंटरमागचं अवांतर हसू संशयास्पद वाटे. आपल्या कामात गंभीर असलेला माणूस त्यांना जास्त भरवशाचा. तिथे हसण्याची सक्ती टिकली नाही. दुपारी शाळा सुटली की मुलं वह्या-पुस्तकं घेऊन टेबलं अडवत आणि तासन्‌तास अभ्यास करत. चटकन खाऊन उठण्यासाठी बांधलेली जागा अभ्यासिका झाली. बीजिंगमध्ये जोडपी कोपऱ्यातल्या दोघांच्या टेबलांवर रेंगाळत. न्यूयॉर्कच्या फ्लशिंग भागात २०१४ मध्ये कोरियन आजी-आजोबा एका कॉफीवर सकाळपासून बसतात म्हणून वाद झाला, पोलीस आले, बातम्या झाल्या आणि अखेरीस तोडगा निघाला: भर दुपारच्या गर्दीत त्यांनी जागा सोडायची, एरवी त्यांना निवांत बसू द्यायचं. तिथे जाऊन बसणं ही त्यांची रोजची भेट होती.

मॉस्कोची गोष्ट थोडक्यात सांगतो. ३१ जानेवारी १९९० ला पुश्किन चौकात दुकान उघडलं. थंडीत पहिल्याच दिवशी ३०,००० हून अधिक लोक आले. कित्येकांनी कागदी पेले आणि डबे जपून घरी नेले.

या सगळ्या देशांत ग्राहकाने टेबल बदललं, रांग बदलली, हसू बदललं. भारतात त्याने थेट स्वयंपाकघर बदललं.

१९९६ च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या वसंत विहारमध्ये आणि पाठोपाठ वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर मॅकडोनल्ड्स आलं. जगात पहिल्यांदाच त्याच्या यादीत गोमांस नव्हतं. डुकराचं मांसही नव्हतं. ज्या पदार्थाभोवती जवळजवळ पन्नास वर्षं सगळं बेतलं होतं, तोच बाहेर ठेवून त्याच नावाचं दुकान उघडायचं! पश्चिम भारताची जबाबदारी घेतलेले अमित जटिया स्वतः शाकाहारी घरातले होते, त्यामुळे इथला ग्राहक काउंटरवर काय विचारणार हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नसेल. उत्तर म्हणून स्वयंपाकघराचे दोन भाग झाले. शाकाहारी पदार्थांची उपकरणं वेगळी, तेल वेगळं, भांडी वेगळी आणि तिथे काम करणाऱ्यांचे एप्रन हिरवे. मेयोनेज बिनअंड्याचं. वडापाव खात मोठ्या झालेल्या मुंबईला बनमधल्या बटाट्याचं अप्रूप नव्हतं, ओळख होती. आलू टिक्कीचा बर्गर चालला यात मला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते त्यामागे उभ्या राहिलेल्या साखळीचं.

त्यातलं बरंच काही आपल्या आसपास घडलं आणि आपण ते पाहिलंही नाही. चीज बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीतून. आइसबर्ग लेट्यूस तळेगावच्या त्रिकाया ॲग्रिकल्चरकडून आणि उटीकडच्या शेतांतून. ज्या पालेभाजीचं नावही तेव्हा इथल्या बाजारात कुणी ऐकलं नव्हतं, ती बारमाही पिकवायला शेतकरी शिकले. टिक्क्या आणि पॅटी तळोज्याच्या व्हिस्टाच्या कारखान्यात, तिथेही शाकाहारी आणि मांसाहारी विभाग वेगळे. लेट्यूस शून्याच्या थोडंसं वर ठेवायचं, गोठू द्यायचं नाही. फ्राइज उणे १८ अंशांवर, वितळू द्यायच्या नाहीत. शेतापासून काउंटरपर्यंत थंडी कुठेही तुटली की माल गेला. विजेचा भरवसा नसलेल्या, उन्हाळ्यात तापणाऱ्या या देशात अशी सलग थंड वाट त्याआधी फारशी कुणी बांधली नव्हती. ठाण्याच्या राधाकृष्ण फूडलँडने ती बांधायचं काम अंगावर घेतलं.

एवढी तयारी असूनही भरवसा किती नाजूक असतो, ते २००१ मध्ये दिसलं. अमेरिकेत मॅकडोनल्ड्सने फ्राइज गोवंशाच्या चरबीत तळणं १९९० मध्येच बंद केलं होतं आणि वनस्पती तेल वापरायला घेतलं होतं. कित्येक हिंदू, जैन आणि इतर शाकाहारी माणसं तेव्हापासून निर्धास्तपणे त्या खात होती. मग कळलं, की चवीसाठी त्यात गोमांसाचा अर्क अल्प प्रमाणात घातला जातो. सिॲटलमध्ये खटला उभा राहिला. इकडे ठाण्यात एका दुकानाची मोडतोड झाली, जरी भारतातल्या फ्राइजमध्ये तो अर्क नव्हता आणि कंपनी तसं सांगत होती. २००२ मध्ये अमेरिकेत कंपनीने माफी मागितली आणि हिंदू, शाकाहारी आणि इतर संस्थांना मिळून १ कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. त्या खाणाऱ्यांचं दुःख पैशाचं नव्हतं. वर्षानुवर्षं जे पाळलं, ते आपल्या नकळत मोडलं गेलं, हे ते दुःख होतं. मला ते अगदी समजतं.

बंद दाराआड काय शिजतंय ही भीती बर्गरइतकीच जुनी आहे. अप्टन सिंक्लेअर यांच्या १९०६ च्या ‘द जंगल’ कादंबरीने शिकागोच्या मांसकारखान्यांतली घाण उघड्यावर आणली आणि अमेरिकेत खिम्यावरचा विश्वास उडाला. १९२१ मध्ये कॅन्ससच्या विचिटा गावात व्हाइट कॅसल सुरू झालं, तेव्हा त्याच्या मालकांनी दुकान पांढरंशुभ्र केलं आणि शेगडी ग्राहकाच्या नजरेसमोर ठेवली. ५ सेंटच्या बर्गरबरोबर लोक ती स्वच्छता डोळ्यांनी तपासून घेत. भारतात हाच उपाय निराळ्या रूपात आला: ज्याला शंका असेल त्याला आत नेऊन दोन्ही स्वयंपाकघरं दाखवायची.

म्हणून आज एखाद्या मॉलमध्ये नातवंडांचा हात धरून आलेल्या काकू काउंटरशी थबकतात आणि विचारतात, “यात अंडं नाही ना रे बाळा? आणि तेल वेगळं असतं ना?” टोपी घातलेला विशीतला मुलगा स्क्रीनवरून नजर न काढता सांगतो, “नाही काकू, व्हेज सगळं वेगळं बनतं.” या प्रश्नोत्तराला पाच सेकंदं लागतात. मागच्या रांगेचं गणित तेवढ्याने किंचित बिघडतं. काकू मागे वळून नातवाला विचारतात, त्याला टिक्की एक पुरेल की दोन.